फिशटँकमधली झाडं बेसुमार वाढली आहेत, छाटणी कुठून आणि किती करू?

हिरवी टाकी | ५ एप्रिल, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, ३६ × १५ × १८ इंच. खडी-लाकूड वजा जाता १४० लिटरच्या आसपास पाणी बसतं. चार वर्षं झाली टाकीला.

आईच्या आजारपणामुळे फेब्रुवारीपासून जवळजवळ दोन महिने मी मालेगावला होते. घरी ह्यांनी रोज खाणं टाकलं, मधे दोनदा पाणीही बदललं. मासे सगळे सुखरूप आहेत, त्याचं मला खूप समाधान आहे. पण लाइट टायमरवर चालू राहिला आणि झाडांना कुणी हात लावला नाही. आता मागच्या बाजूचं लांब पट्टीसारख्या पानांचं वॅलिसनेरिया पाण्यावर येऊन आडवं पसरलंय, पुढच्या काचेपर्यंत पोचलंय. रोटाला आणि हायग्रोफिला वर दाट झुडूप आणि खाली नुसत्या काड्या. मधला ॲमेझॉन स्वोर्ड कोबीच्या गड्ड्याएवढा झालाय. लाकडावर जावा फर्न आणि अनुबियास आहेत, त्यांच्या पानांवर काळसर शेवाळ चढलंय. पुढे थोडे क्रिप्ट्स, म्हणजे क्रिप्टोकोरीनची रोपं. आणि वर डकवीडची, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक पानांची चादर.

काल पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठले तर निऑन टेट्रा सगळे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. लाइट लागल्यावर दोनेक तासांनी आपोआप खाली गेले. आजही तेच.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळं उपटून टाका आणि नवीन झाडं लावा. दुसऱ्या दुकानात शेवाळ मारायची बाटली हातात दिली. मला उपटायचं नाहीये. ही झाडं मी दोन-दोन काड्यांपासून वाढवली आहेत. कुठून सुरुवात करू?

पंचवटीकर | ५ एप्रिल, सकाळी ८:२५

ताई, छाटणीचं नंतर बघू. आज संध्याकाळी आधी एअर पंप लावा आणि रात्रभर चालू ठेवा. घरात नसेल तर फिल्टरचं तोंड वर करा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील. डकवीड निम्मं तरी आजच गाळणीने काढा.

झाडं दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतात, पण अंधारात तीही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात. टाकी एवढी गच्च भरली की रात्रभर सगळे मिळून तो संपवत आणतात आणि पहाटे तळ गाठला जातो. त्यात वरून चादर असल्यामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरत नाही. भरीला आपला एप्रिल. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. तुमची टाकी आत्ता ३० च्या पुढेच असणार.

एक विचारायचं राहिलं. कोरीडोरास मासे आहेत का? ते अधूनमधून बाणासारखे वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली जातात, ती त्यांची सवय आहे, त्याने घाबरू नका. गुरामीचंही तसंच. पण निऑन वर लटकून राहिले तर तो खरा इशारा.

बाटली उघडू नका. लेबल वाचा आणि इथे सांगा.

हिरवी टाकी | ५ एप्रिल, रात्री ९:४०

पंप लावला. सहा कोरीडोरास आहेत, ते तसे घोट घेतात, आता जीव भांड्यात पडला. चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्याही आहेत, किती ते मोजता येत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात कॉपर सल्फेट लिहिलंय.

पंचवटीकर | ५ एप्रिल, रात्री १०:०५

मग ती बाटली टाकीपासून लांबच ठेवा. तांब्याने श्रिंप आणि गोगलगायी मरतात. एखाद्याने ‘लिक्विड कार्बन’ सुचवलं तरी थांबा, त्यातल्या ग्लुटराल्डिहाइडने वॅलिसनेरिया वितळतं. शेवाळाला औषध नको, उजेड आणि प्रवाह सुधारला की बरंचसं आपसूक आटोक्यात येतं.

निफाडचा बागायतदार | ६ एप्रिल, दुपारी १:५०

आमच्याकडे सध्या द्राक्षाची खरड छाटणी चालू आहे, जेवायच्या सुट्टीत लिहितोय. घरी मुलींची दोन फुटी टाकी आहे, तिची छाटणी मीच करतो, म्हणून बोलायचं धाडस करतो.

ताई, कात्री कशी धरायची हे नंतरचं. झाड कुठून वाढतं, ते आधी बघा. द्राक्षात आम्ही एप्रिलला काडी एक-दोन डोळ्यांवर आणतो आणि ऑक्टोबरला डोळे मोजून कापतो. आंधळेपणाने कुणी कापत नाही, कारण फूट डोळ्यातूनच येणार. तुमच्या रोटाला-हायग्रोफिलाचं अगदी तसंच आहे. देठ बोटात धरून उजेडात बघा. जिथून पानांची जोडी निघते तिथे किंचित जाड पेर दिसेल, खालच्या पेरांवर पांढरी बारीक मुळंही सुटलेली असतील. पानाच्या बगलेत डोळा असतो. शेंडा शाबूत असतो तोवर तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा मारला की दोन बगलफुटी येतात. म्हणून एका काडीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि झुडूप दाट होतं.

कापायचं ते पेराच्या थोडं वर. दोन पेरांच्या मधोमध कापलंत तर वरचा उघडा दांडा सडत सडत खालच्या पेरापर्यंत येतो. पेराच्या खाली कापलंत तर डोळाच गेला. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने देठ चेमटतो आणि चेमटलेला देठ पाण्यात दोन दिवसांत काळा पडतो.

कात्रीचं सांगतो. आमच्याकडे मणी विरळणीला वापरतात ती बारीक, टोकदार, लांब पात्याची कात्री टाकीत फार छान चालते. पण नवी कोरी घ्या. मळ्यात वापरलेली कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. तिला बोर्डोचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं तांबं लागलेलं असतं, आणखी काय काय लागलेलं असतं. धुऊन जाईल या भरवशावर राहू नका, तुमच्याकडे श्रिंप आहेत.

पंचवटीकर | ६ एप्रिल, सायंकाळी ६:३०

बागायतदारांनी फार नेमकं लिहिलं आहे. त्यात माझी एक पुस्ती. ताई म्हणतात खाली नुसत्या काड्या राहिल्यात. खालपर्यंत उजेड पोचला नाही म्हणून पानं गळालेली आहेत. अशा काडीला नुसता शेंडा मारून उपयोग कमी, खालच्या म्हाताऱ्या पेरांतून फूट येते पण अशक्त येते. तिथे उलटं करायचं. वरचा हिरवागार चार-पाच इंचांचा शेंडा कापून घ्या, त्याच्या खालच्या दोन पेरांची पानं खुडा आणि ती उघडी पेरं खडीत जातील असा चिमट्याने तिरका रोवा. सरळ रोवलेला शेंडा वर उसळतो, तिरका बसतो. आठवड्याभरात मुळं धरतो. मग जुना बुडखा काढून टाका.

ज्या काड्यांना खालीही पानं आहेत त्यांचा तीन-चार इंचांचा बुडखा ठेवून वरचं छाटा, त्यांना दाट फूट येईल. मी एका बुडख्यावरून दोनदा, फार तर तीनदा छाटतो. त्यानंतर शेंडे नवीन लावतो.

मात्र बुडखा उपटताना सावकाश. दोन बोटं खडीत घालून मुळाजवळ धरा आणि एकेक ओढा. चार वर्षांचा गाळ एकदम वर आला की पाणी चहासारखं होतं.

सातपूरकर | ६ एप्रिल, रात्री ९:१५

वॅलिसनेरियाबद्दल कुणीच बोललं नाही. मी तर सरळ पाण्याच्या खाली दोन इंचांवर आडवी कात्री चालवतो, केस कापल्यासारखी. पाच मिनिटांत काम होतं. वर्षानुवर्षं करतोय, झाड मेलं नाही.

निफाडचा बागायतदार | ६ एप्रिल, रात्री १०:००

दादा, झाड मरणार नाहीच, चिवट आहे. पण त्याची वाढ बुडातून होते. पान एकदा मधे कापलं की त्याचं टोक परत येत नाही. कापलेली कड आधी पारदर्शक होते, मग तपकिरी, आणि मग खाली खाली कुजत जाते. तुमच्या टाकीत ही कुजकी टोकं फिल्टरच्या जाळीवर येत नाहीत का?

सातपूरकर | ६ एप्रिल, रात्री १०:२०

येतात, हे खरं आहे. दर आठवड्याला काढतो. मला वाटायचं सगळ्यांकडे येतात.

पंचवटीकर | ७ एप्रिल, सकाळी ७:४५

वॅलिसनेरियाची लांब, जुनी, शेवाळ लागलेली पानं एकेक करून अगदी बुडाशी, खडीजवळ कापायची. नवी कोवळी पानं आतून येत असतात, त्यांना हात लावायचा नाही. वेळ लागतो, पण पुढचे दीड-दोन महिने निश्चिंती. एका रोपाची एकतृतीयांशाहून जास्त पानं एका वेळी काढू नका. आणि गर्दी कमी करायची असेल तर पानांपेक्षा रोपंच कमी करा. खडीखालून रनर धावत असतो, त्याच्यावर थोड्या थोड्या अंतरावर बाळरोपं असतात. रनर दोन्ही बाजूंनी कापून रोप अलगद उचलायचं. सरळ ओढलंत तर माळेसारखी दहा रोपं आणि पाटीभर खडी वर येते.

ॲमेझॉन स्वोर्डचं तसंच, बाहेरची म्हातारी पानं बुडापासून. पान अर्धं कापून ठेवू नका.

क्रिप्ट्सना जमेल तितकं सोडून द्या. ती हलवाहलवीने रुसतात, आठ दिवसांत सगळी पानं वितळून जातात. तसं झालं तरी उपटू नका, मुळं जिवंत असतात, महिन्याभरात पुन्हा फुटतात.

जावा फर्न आणि अनुबियासचा जीव त्या आडव्या जाड खोडात, म्हणजे राइझोममध्ये. काळ्या शेवाळाचं पान देठापाशी काढा. राइझोम लांबला असेल तर स्वच्छ पात्याने तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पानं राहतील असे, आणि दोऱ्याने लाकडाला बांधा. खडीत पुरू नका, सडतो. जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके रांगेत दिसले तर ते शेवाळ समजून पान फेकू नका. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. अशा पानांच्या टोकाला इवलाली रोपंही येतात.

हिरवी टाकी | ७ एप्रिल, दुपारी २:१५

तेच करणार होते! सात-आठ पानं बाजूला काढायची असं मनात ठरवलं होतं. आता चष्मा लावून बघितलं, रांगेतच आहेत ठिपके.

हे सगळं एका रविवारी उरकू का? सोमवारपासून पुन्हा ऑफिस आहे.

पंचवटीकर | ७ एप्रिल, सायंकाळी ७:००

नको. ही चूक मी स्वतः केली आहे. सहा-सात वर्षांपूर्वी दिवाळीत पाहुणे येणार म्हणून एका दुपारी चार फुटी टाकीतली निम्म्याहून जास्त झाडं कापली. संध्याकाळी टाकी आरशासारखी दिसत होती. पंधरा दिवसांत काचेवर, खडीवर, अनुबियासवर केसाळ शेवाळ. झाडं माशांच्या विष्ठेपासून बनणारा अमोनिया आणि नायट्रेट खात असतात. ती एकदम कमी झाली, खाणारं कुणी उरलं नाही, उजेड मात्र तळापर्यंत पोचला. शेवाळाला आणखी काय हवं? ते काढायला मला फेब्रुवारी उजाडला.

तीन रविवार घ्या. पहिल्या रविवारी डकवीड आणि वॅलिसनेरिया, त्याने पहाटेचा त्रास लगेच कमी होईल. दुसऱ्या रविवारी काडीची झाडं. तिसऱ्या रविवारी स्वोर्ड आणि लाकडावरचं. दर वेळी छाटल्यावर ३० टक्के पाणी बदला. लाइट आठ तास असेल तर सहावर आणा, झाडांची नवी फूट दिसली की हळूहळू पूर्ववत करा. खत घालत असाल तर तेही निम्मं.

हात घालण्यापूर्वी फिल्टर आणि हीटर दोन्हींचा प्लग काढा. एक तर शॉकचा धोका, दुसरं म्हणजे फिल्टर चालू राहिला तर कापलेले तुकडे ओढून घेतो. काम झालं, तुकडे जाळीने गोळा केले, की प्लग लावायची आठवण ठेवा. एकदा मी रात्रभर विसरलो होतो.

देवळाली कॅम्प | ७ एप्रिल, रात्री ८:३०

श्रिंपवाल्यांसाठी एवढंच. कापलेला जुडगा लगेच फेकू नका. टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बादलीत तासभर ठेवा, मधूनमधून हलवा. तळाला पिल्लं उतरलेली दिसतील. पांढऱ्या बादलीतच दिसतात, निळ्या-काळ्या बादलीत नजर ठरत नाही. माझ्याकडे एका मॉसच्या गोळ्यातून चाळीसेक पिल्लं निघाली होती, तांदळाच्या कणीएवढी. तेव्हापासून एकही गोळा न बघता टाकलेला नाही.

पाणथळ | ८ एप्रिल, सकाळी ६:५०

मी टाकी ठेवत नाही, पक्षी बघतो. धागा वाचत होतो कारण माझी एक कळकळीची विनंती आहे. कापलेली झाडं गोदावरीत, नासर्डीत किंवा कुठल्याही नाल्यात टाकू नका. ‘नदीतलंच तर आहे, नदीत जगेल’ असं म्हणून पिशवी रिकामी करणारे मी स्वतः रामवाडीच्या पुलाजवळ पाहिले आहेत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, जिवंत रोप कचऱ्यात टाकवत नाही एवढंच.

पण पाणवेलीही कधीतरी शोभेचं फूल म्हणूनच आली. मूळची दक्षिण अमेरिकेतली. आज दर उन्हाळ्यात आनंदवली-सोमेश्वरच्या बाजूला नदीचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. तुमच्या टाकीत पहाटे मासे वर येत होते ना ताई, तेच नदीत किलोमीटरच्या किलोमीटर घडतं. वर हिरवी चादर, खाली ऑक्सिजन नाही. आणि आपण इथे सोडलेला तुकडा वाहत वाहत नांदूर मधमेश्वरला जातो. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ज्याचा मान झाला, त्या पाण्यात. टाकीतली कॅबोम्बा, सॅल्व्हिनिया यांना तर एक छोटा तुकडाही पुरतो.

देवळाली कॅम्प | ८ एप्रिल, सकाळी ९:१०

अगदी पटलं. मी गच्चीवर जुन्या वर्तमानपत्रावर पातळ पसरून वाळवतो. आपल्या उन्हात दोन दिवसांत कुरकुरीत होतात, मग कुंड्यांत चुरून टाकतो. मोगऱ्याला छान लागू पडतं. डकवीडही तसंच, पण ते नीट वाळल्याशिवाय सिंकमध्ये किंवा मोरीत जाऊ देऊ नका.

निफाडचा बागायतदार | ८ एप्रिल, दुपारी १:३०

आमच्या भागात शेततळ्यात टाकायचीही पद्धत आहे, माशांना खायला म्हणून. तेही करू नका. ठिबकच्या फिल्टरमध्ये वॅलिसनेरियाची मुळं अडकलेली मी काढली आहेत. शेजारच्याने हौसेने टाकलं होतं.

हिरवी टाकी | १३ एप्रिल, सायंकाळी ५:४५

पहिला रविवार झाला. तीन तास लागले. वॅलिसनेरियाची पानं मोजली नाहीत, पण मोठं घमेलं भरलं. बावीस रोपं रनर कापून काढली. रनर कापण्याआधी एकदा चुकून सरळ ओढलंच, आणि पंचवटीकर म्हणाले तशी माळ वर आली, गाळही आला. दोन तासांनी पाणी निवळलं.

बादलीत नऊ श्रिंप सापडले, त्यातले पाच अगदी इवले.

एक शंका. संध्याकाळपासून फिल्टरची धार निम्म्यावर आलीय. मोटर जळाली का?

पंचवटीकर | १३ एप्रिल, सायंकाळी ६:१०

मोटर ठीक असणार. तुकडे जाळीवर बसलेत. प्लग काढा, तोंडाची जाळी सोडवा, आतल्या पंख्याला पान गुंडाळलंय का बघा. स्पंज काढावा लागला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजातले जिवाणू मरतात, आणि झाडं कमी केलेल्या आठवड्यात तर ते जिवाणूच तुमचा आधार आहेत.

हिरवी टाकी | १३ एप्रिल, रात्री ८:००

वॅलिसनेरियाचं एकच पान पंख्याला आठ-दहा वेढे घालून बसलं होतं. काढलं, धार पूर्ववत झाली.

हिरवी टाकी | २८ एप्रिल, रात्री ९:३०

तिन्ही रविवार झाले. १४ तारखेपासून पहाटे मुद्दाम उठून बघते. निऑन वर येत नाहीत. एअर पंप रात्री चालू ठेवतेच आहे, उन्हाळा संपेपर्यंत ठेवणार.

रोटाला दुसऱ्या रविवारी छाटला होता. आज आठव्या दिवशी जवळून बघितलं. ज्या पेराच्या वर कापलं होतं, तिथे दोन्ही बाजूंना पिनेच्या डोक्याएवढी दोन गुलाबी टोकं आली आहेत, समोरासमोर. एक काडी मी घाईत दोन पेरांच्या मधे कापली होती. तिचा वरचा दांडा तपकिरी होऊन बरोबर पेरापाशी थांबलाय आणि फूट त्याच्या खालूनच आली आहे. बागायतदारदादांनी लिहिलेलं शब्दशः डोळ्यांनी बघितलं. ह्यांनाही बोलावून दाखवलं.

क्रिप्ट्सपैकी एक वितळलं. स्वोर्डच्या पानांखाली होतं, तिकडे माझा हात सारखा लागला. तसंच ठेवलंय, उपटलं नाही.

काचेवर थोडं हिरवं शेवाळ आलं, पण पुसलं की जातंय. लाइट अजून सहा तासच आहे. सातवर कधी नेऊ?

पंचवटीकर | २८ एप्रिल, रात्री १०:००

त्या गुलाबी टोकांना दोन-दोन जोड्या पानं येऊ द्या. मग अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवा, आठवड्याला एकदा. छान केलंत ताई. आई कशा आहेत आता?

हिरवी टाकी | २८ एप्रिल, रात्री १०:१५

बरी आहे, चालायला लागली आहे. पुढच्या महिन्यात इकडेच आणतेय. टाकीसमोर तिची खुर्ची ठेवणार आहे.

वॅलिसनेरियाची पंधरा-सोळा रोपं आणि हायग्रोफिलाचे दोन जुडगे अजून बादलीत जिवंत आहेत, वाळवायला मन होत नाही. नाशिकमध्ये कुणाला टाकीसाठी हवी असतील तर संदेश करा, पैसे नकोत.

सातपूरकर | २८ एप्रिल, रात्री १०:४०

मला द्या. माझी सगळी वॅलिसनेरिया वरून छाटून छाटून विद्रूप झालीय, या वेळी पहिल्यापासून नीट करतो. शनिवारी संध्याकाळी आलो तर चालेल?

हिरवी टाकी | २८ एप्रिल, रात्री १०:५०

चालेल दादा, सहानंतर या. येताना झाकणाचा डबा आणा, पिशवीत मुळं चेमटतात. डकवीडचं एखादं पान चिकटून यायला नको म्हणून मी दोनदा धुऊन ठेवते, तरी तुम्हीही टाकीत सोडण्याआधी एकदा बघा.